चौऱ्याऐंशी हजार योजनं

डोळ्यावरची पट्टी निघाल्यानंतर हात्सुनोने आपण होऊन जे पहिलं पाहिलं ते रक्ताचं तळं होतं. आत डॉक्टरांनी पट्टी सोलून काढताना 'वर बघा, खाली बघा, आता माझ्या कानाकडे बघा' म्हटलं होतं आणि तिने त्यांचा कान पाहिला होता, कानातले पांढरे केसही पाहिले होते. पण ते सांगितलेलं बघणं. बाहेर येऊन ती बाकावर टेकली, सून औषधाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि समोरच्या भिंतीवर, पाण्याच्या यंत्राच्या वर, ते होतं. गेली कित्येक वर्षं जग तिला कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं आणि जग असंच असतं अशी तिची समजूत होऊन बसली होती. आता एका डोळ्यातला मोतीबिंदू गेला होता आणि त्या डोळ्यात रंग नुसते घुसत होते. निळं आभाळ, हिरवं गवत, मधोमध लाल पाणी. काठावर पांढरी टोपी घातलेली एक मुलगी, हातात आइस्क्रीमचा कोन, एक पाय मजेत उचललेला. वर ठसठशीत अक्षरं: 'यंदा तातेयामा! ही ठिकाणं चुकवू नका.' कडेच्या लहान चौकोनांत धबधबा, जुनं देवदाराचं झाड, डोंगराचं प्रतिबिंब धरून बसलेलं निळं तळं, शिखरावरचं देऊळ. आणि मोठ्या चौकोनात, मुलीच्या पायाशी: 'रक्ताचं तळं. फोटोसाठी झकास.' हात्सुनोने नवा डोळा मिटून जुन्याने पाहिलं. तपकिरी डाग. जुना मिटून नव्याने पाहिलं. लाल. मुलगी हसतच होती.

"दुखतंय का?" रित्सुको औषधाची पिशवी घेऊन आली. "असे डोळे काय मिचकावताय? लोकांना वाटेल खाणाखुणा करताय."

"ते काय आहे?"

"कुठलं? ते होय? सहलीची जाहिरात आहे."

"तळं."

"अहो, तातेयामावरचं. ज्वालामुखीचा डोंगर ना तो, पाण्यात लोखंड उतरतं म्हणे. आमच्या ऑफिसातल्या बायका जाऊन आल्या मागे. गार वाऱ्याने नाकं लाल करून घेतली आणि मला एक रुमाल आणला."

"जाता येतं तिथे?"

"न जायला काय झालं? बस जाते."

बस जाते. ट्राममध्ये बसल्यावरही हात्सुनोच्या कानात तेवढंच वाजत राहिलं. तोयामा शहरात ती लग्न होऊन आली त्याला साठ वर्षं होऊन गेली होती, आणि त्या आधीची वर्षं त्याच डोंगरातून उतरणाऱ्या नदीच्या काठी गेली होती. म्हणजे जन्मभर तो डोंगर तिच्या पाठीशी होता. पाठीशीच. घरातली तिची बसायची उशी खिडकीकडे पाठ होईल अशी ठेवलेली असायची. हवा स्वच्छ असली की संध्याकाळी डोंगरांची सगळी रांग गुलाबी होते, मग लाल होते, आणि रस्त्यातली माणसं सायकली थांबवून बघत राहतात. त्या वेळी ती उठून पडदा ओढून घेई. रित्सुकोला वाटे, म्हातारीला उजेड सोसत नाही. नवऱ्याला वाटायचं, शेजाऱ्यांनी आत बघितलेलं तिला आवडत नाही. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तिकडे आई आहे. मान तेवढी वर, केस मोकळे. हे माहीत असलेल्या माणसाने खिडकीत बसून चहा प्यायचा कसा?

युद्धाच्या शेवटी बॉम्बहल्ल्यात तोयामा शहर जळालं त्या उन्हाळ्यानंतरच्या वसंतात मियो, म्हणजे हात्सुनोची आई, बाळंतपणात गेली. एकोणतीस वर्षांची होती. हात्सुनो नऊ. बाळही गेलं, पण बाळाला पाप नसतं, बाळाला पोरांचा राखणदार दगडी देव आपल्या लांब बाहीत घालून नेतो, असं आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, बांध्याने आडवी, बोलायला गोड. तिने हात्सुनोला मांडीवर घेऊन, केस विंचरत विंचरत सगळं नीट समजावून सांगितलं होतं. रागाने नाही, रागाने सांगितलं असतं तर हात्सुनोने मोठेपणी ते झटकून टाकलं असतं. "बाईच्या अंगातून रक्त सांडतं. जमिनीवर सांडलं तर जमीन देवाची. धुतलं तर नदीत जातं, आणि खाली कुणीतरी तेच पाणी देवाच्या चहासाठी भरून नेतं. म्हणून." म्हणून तातेयामावर रक्ताचं एक तळं आहे, मूल झालेल्या बायका मेल्यावर त्यात मानेपर्यंत बुडून राहतात. चौऱ्याऐंशी हजार योजनं लांब आणि तितकंच रुंद. दिवसातून तीनदा एक राक्षस काठावर येतो आणि म्हणतो, पी. "योजन म्हणजे केवढं?" हात्सुनोने विचारलं होतं. "तुझे पाय झिजतील एवढं," आत्या म्हणाली, आणि केसांचा गुंता निघेना म्हणून तिने फणीला थोडं तेल लावलं.

मग ओढ्याकाठी चार बांबू रोवले. त्यांच्या टोकांना लाल कापडाची झोळी बांधली, शेजारी एक पळी ठेवली. जाणाऱ्यायेणाऱ्याने पळीभर पाणी कापडावर ओतायचं. ओतून ओतून लाल रंग गेला, कापड पांढरं पडलं, की बाई तळ्यातून सुटली. हात्सुनो शाळेत जाताना ओतायची, येताना ओतायची, दुपारी कुणी नसताना जाऊन दोन्ही हातांनी ओतायची. पाणी कापडातून खाली गळताना ती वाकून त्याच्याकडे बघे. लाल होतंय का? व्हायचं नाही. नितळ पाणी ओतावं आणि नितळच खाली यावं. खालच्या आळीतली एक बाई उन्हाळ्यात गेली होती, तिचं कापड पानगळीच्या आधीच फिकट गुलाबी झालं. बायका पळी ठेवता ठेवता म्हणायच्या, "मियोचं अजून लालच गं." त्यांच्या आवाजात कळवळा असे. एकदा हात्सुनोने चुलीतली राख नेली आणि दगडावर ठेवून कापड घासलं. आत्याने पाहिलं. मारलं नाही. नुसती म्हणाली, "असं फसवून सुटत नाही कुणी." मग बर्फ पडलं. बांबूंची टोकं तेवढी वर राहिली, नंतर तीही दिसेनात. वसंतात बर्फ वितळून ओढ्याला पूर आला आणि बांबू, कापड, पळी सगळं घेऊन गेला. वडील तेव्हा नदीच्या बंधाऱ्यावर दगड रचायच्या कामाला होते. जेवताना हात्सुनोने त्यांना विचारलं, "आई सुटली का?"

"पूर आला ना."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर आला," वडील म्हणाले, आणि त्यांनी वाटी आत्यापुढे केली.

पुढे सावत्र आई आली, भली होती. शाळा संपली, कापडगिरणीतली वर्षं गेली, लग्न झालं, योशिनोरी झाला. योशिनोरी होताना कळांमध्ये तिने दात आवळून धरले होते. सुईण म्हणाली ओरड, ओरड, मोकळी हो. ती ओरडली नाही. तिला वाटत होतं, आपण ओरडलो तर वर ऐकू जाईल. त्यानंतर तिला मूल झालं नाही आणि तिने मनातल्या मनात त्याबद्दल कुणाचे तरी आभार मानले. या सगळ्या वर्षांत तिचा एक शब्द होता: बरं. वडिलांना बरं, आत्याला बरं, नवऱ्याला बरं. शेजारणी म्हणायच्या, हात्सुनोसान किती शांत. ती शांत नव्हती. ती कान देऊन बसलेली होती, इतकंच.

आणि आता बस जाते. आइस्क्रीम मिळतं.

राग तिला लगेच आला नाही. पहिले काही दिवस ती नुसती वाटीतला भात चिवडत राहिली. जाहिरातीतल्या पोरीच्या उचललेल्या पायातला तो बूट तिच्या डोळ्यांपुढून हलेना. राक्षस कुठे उभा राहत असेल तर तिथेच ती मुलगी उभी होती. मग एके दिवशी मुळा किसता किसता तिचा हात थांबला. मनात आलं, त्या मुलीला कुणी काही केलं नाही. ती तिथे गेली, हसली, खाली आली, तिला पगार मिळाला. राक्षस तिला का काही म्हणाला नाही? आणि मग राग आला. एवढ्या वर्षांचा, मुरलेला, कुणावर काढायचा ते न कळणारा राग. तिने उरलेला मुळा तसाच टाकला आणि रित्सुकोला म्हणाली, "मला तिथे जायचंय."

योशिनोरीने रात्री जेवताना ऐकलं. पन्नाशी उलटलेला, नगरपालिकेच्या पाणीखात्यात असलेला, प्रत्येक गोष्टीत गळती कुठे आहे ते आधी बघणारा माणूस. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"कशाला?"

"बघायला."

"आई, अगं वर हवा विरळ असते. गंधकाचा वायू असतो. गेल्या महिन्यात डोळा कापलाय तुझा. वय काय तुझं?"

"तुला माहीत नाही?"

"डोंगर बघायचा तर इथून दिसतो की! खिडकीत बसत नाहीस ती नाहीस, आणि आता म्हणे वर जायचंय. पुढच्या वर्षी बघू, दुसराही डोळा होऊ दे."

"पुढच्या वर्षी मी मेलेली असेन. मग जाईनच, बिनतिकिटाची."

रित्सुकोने वाटीत तोंड खुपसलं; तिचे खांदे हलत होते. योशिनोरी बायकोकडे बघत म्हणाला, "हसतेस काय? समजाव तिला. आई, नाही म्हणजे नाही. कळलं?"

इथे ती बरं म्हणायची. जागा ठरलेली होती. वाक्यानंतर पूर्णविराम यावा तसं तिचं बरं यायचं. योशिनोरीने काड्या उचलल्यासुद्धा होत्या. हात्सुनोला आपल्या तोंडात तो शब्द तयार झालेला जाणवला, जिभेवर बी यावी तसा, आणि तिने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली.

पहिल्यांदाच केलेलं असल्यामुळे तिला ते नीट जमलं नाही. आवाज फार मोठा निघाला. भिंतीपलीकडच्या घरातला टीव्ही क्षणभर बंद पडल्यासारखा वाटला.

दोन दिवसांनी, योशिनोरी कामावर गेल्यावर, ती निघाली. स्टेशनाच्या बाकावर बसून डोंगराकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होती तेव्हा रित्सुको धापा टाकत आली. रित्सुको ओसाकाची, बोलणं नळ सोडल्यासारखं. या घरात येऊन तिला पंचवीस वर्षं झाली होती आणि दोघींची भांडणंही आता जुन्या भांड्यांसारखी पोचे पडून बसकी झाली होती.

"आई, हे काय चालवलंय? शेजारच्या बाईंनी सांगितलं, तुमच्या सासूबाई काळा चष्मा लावून, काठी टेकत पळाल्या."

"मी येणार नाही घरी."

"मी कुठे म्हटलं या म्हणून? या चपला घालून चढणार होतात डोंगर?" तिने पिशवीतून हात्सुनोचे बूट काढून बाकाखाली आपटले. मग स्वेटर. मग पाण्याची बाटली, भाताचे गोळे, हृदयाच्या गोळ्या. "निघायचं तर नीट निघावं माणसाने. पाय पुढे करा."

"ऑफिस?"

"सासू पळाली म्हणून रजा घेतलीय. खोटं बोलावं लागलं नाही, हे एक बरं झालं."

गाडी भातशेतांतून निघाली. कापणी झाली होती. दोन्ही बाजूंना शेतं भादरलेल्या डोक्यासारखी. हात्सुनोचं गाव मागे पडलं तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं, पण ओढा सिमेंटच्या भिंतींत गेला होता. आणि तिथे, काहीच कारण नसताना, तिला कापड आठवलं. रंग नव्हे, कापड. युद्ध संपल्यावर दुकानात चिंधीसुद्धा मिळत नव्हती. ते लाल कापड वडिलांनी आईच्या लग्नातल्या किमोनोचं अस्तर उसवून काढलं होतं. आईच्या माहेरचं. पक्क्या रंगाचं, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं. घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं कापड त्यांनी बायकोला दिलं होतं, आणि म्हणून ते पांढरं पडलं नाही. खालच्या आळीतल्या बाईचं हलकं, पिठाच्या पिशवीला रंग दिलेलं होतं, ती सुटली. हात्सुनो हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. रित्सुको घाबरून म्हणाली, "डोळा चोळू नका! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" हात्सुनोने डोळा चोळला नाही. पाणी गालावरून नुसतं वाहू दिलं.

पायथ्याशी तारेच्या गाडीने वर ओढून घेतलं, मग बस. बसमध्ये ध्वनिफितीवरचा बाईचा गोड आवाज वळणावळणावर सांगत होता: डाव्या हाताला बघा, उजव्या हाताला बघा. डाव्या हाताला देवदार. पूर्वी या डोंगरावर बायकांना मनाई होती. एक संन्यासिनी दोघींना बरोबर घेऊन चढली. सोबतिणींची झाडं झाली. संन्यासिनी शिव्या देत देत चढतच राहिली, शेवटी तिचा दगड झाला; तोही पुढे आहे. गोड आवाजात शिव्यासुद्धा गोड वाटत होत्या. लोक काचेला फोन लावून फोटो काढत होते.

"काय हो, हिचं चुकलं काय?" रित्सुकोने कानाशी विचारलं.

"चालली."

"एवढंच?"

"वर चालली."

पिवळं पडलेलं माळरान आलं, त्यात डबकी चकाकत होती. हात्सुनो त्या बाईचा विचार करत होती. लहानपणी आत्याने ही गोष्ट सांगितली होती ती धाक म्हणून. पण बसमधून बघताना तिला वाटलं, दगड झाली खरी. खाली मात्र उतरली नाही. अजून वरच आहे. आत्याच्या हे कसं लक्षात आलं नाही?

फोन थरथरला. रित्सुकोने बघून तिच्यापुढे धरला. "तुमचा मुलगा."

"सांग, आई बाहेर गेली आहे."

"मीसुद्धा बाहेरच आहे," रित्सुको म्हणाली, आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

वर गार वारा अंगावर आला, इतका स्वच्छ की दात शिवशिवले. शिखरं अगदी जवळ, हात लावावा अशी, आणि त्यातल्या एकावर देवळाचं काळं टिकलीएवढं छप्पर. निळ्या तळ्याशी माणसांचा घोळका होता. रित्सुको म्हणाली, "बघा तरी, काय सुंदर." हात्सुनोने बघितलं. सुंदर होतं. ती पुढे चालू लागली. दगडी फरसबंदीची वाट उतरत होती, चढत होती, पायऱ्यांमागून पायऱ्या. छातीत कुणीतरी ओलं कांबळं पिळत असल्यासारखं व्हायला लागलं. एका बाकावर दोघी बसल्या. भाताचे गोळे खाल्ले. खालच्या दरीतून पांढरी वाफ उठत होती आणि सडक्या अंड्याचा वास येत होता. त्या दरीत आता कुणाला जाऊ देत नाहीत. तिथे बसून हात्सुनोने रित्सुकोला सगळं सांगितलं. आई, आत्या, झोळी, पूर. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती म्हणून तिला मागचंपुढचं लावता येईना. रित्सुकोने मधे तोंड घातलं नाही, हेच नवल.

मग ती म्हणाली, "आणि ज्यांना मूल नाही त्या? आमच्यासारख्या?"

"तुमचा नरक वेगळा. दिव्याच्या वातीने बांबूचे कोंब उकरत बसायचं."

"वातीने?"

"मऊ वातीने."

"म्हणजे झालं तरी नरक, नाही झालं तरी नरक." रित्सुकोने बोटांना चिकटलेली शितं चाटली. "मग सुटतं कोण?"

"तुझा सासरा सुटला असेल."

"ते? घोरून घोरून स्वर्ग डोक्यावर घेतला असेल." दोघी हसल्या. हसताना रित्सुकोने तोंड पलीकडे फिरवलं. मग उठून तिने बाटलीतल्या पाण्याने दोन रुमाल भिजवले. "बांधा तोंडाला. चला."

वळणावर लाल दिवा गरगर फिरत होता. कर्ण्यातून सूचना येत होती: वायूचं प्रमाण वाढलं आहे, दम्याच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी मागे फिरावं. पिवळं हेल्मेट घातलेला, गळ्यात शिट्टी असलेला मध्यमवयीन माणूस पुढे आला. "आजी, आज वास जास्त आहे हो. इथूनच बघा ना. इथून फोटो छान येतो."

"मला फोटो नकोय."

"मग कशाला त्रास घेता? तब्येत महत्त्वाची. पुन्हा कधीतरी या."

इतक्या मायेने बोलत होता की हात्सुनोला आत्या आठवली. "बाबा," ती म्हणाली, "हे नीट सांगणं मी जन्मभर ऐकलंय. रस्ता बंद आहे का?"

"बंद नाही अजून. पण होईल थोड्या वेळात."

"मग होईपर्यंत जाऊन येते."

त्याने रित्सुकोकडे पाहिलं. रित्सुकोने खांदे उडवले. "घरी मुलाचं ऐकलं नाही, तुमचं काय ऐकणार?" तो डोकं खाजवत बाजूला झाला. म्हणाला, वारा फिरला तर मी शिट्टी वाजवीन, वाजली की लगेच निघायचं.

शेवटच्या उताराला हात्सुनो एकेक पाऊल चाचपत टाकत होती. थकव्याने, आणि खोटं कशाला, भीतीनेही. नऊ वर्षांची मुलगी तिच्या पोटात मुटकुळं करून बसली होती आणि म्हणत होती, बघू नकोस. वास नाकातून घशात उतरला. ऑपरेशन झालेला डोळा चरचरत होता. तिने काळा चष्मा काढून खिशात ठेवला. यायचं ते उघड्या डोळ्याने. वाट वळली, लाकडी कठडा आला. कठड्यापलीकडे गवतात दोनचार डबकी होती. गंजलेल्या पत्र्यावरून पावसाचं पाणी ओघळून साचावं तसली. एक जरा मोठं, अंगणाएवढं, बाकीची ताटाएवढी. काठाने बारीक गवत, पाण्यावर चतुर उडत होते. एका चतुराने शेपटी पाण्याला टेकवली, वलय उठलं आणि चिमुकल्या प्रवासात ते पलीकडच्या काठाला लागलंसुद्धा. तळ दिसत होता. तळाशी खडे होते, लाल गाळ होता, आणि कुणाच्या तरी हातून पडलेली केसांची पिन.

"हेच?" हात्सुनोने विचारलं.

"हेच. पाटी आहे ना."

"एवढंसं?"

हात्सुनोने कठडा घट्ट धरला. एवढंसं. यात मान तेवढी वर ठेवायची तर आडवं निजावं लागेल. यासाठी ती कळांमध्ये ओरडली नव्हती. यासाठी साठ वर्षं पडदा. आत्या कधी इथे आली होती? नाही. आत्याला सांगणारे आले होते? त्यांनी पाहिलं असेल तर हे पाहिलं असेल, हेच, चतुर आणि गवत. आणि खाली येऊन त्यांनी सांगितलं चौऱ्याऐंशी हजार योजनं. तिच्या अंगात राग असा चढला की छातीतली कळ त्यात दिसेनाशी झाली. शेजारी एक जोडपं एकमेकांना बिलगून फोटो काढत होतं. ती त्यांच्या मधून पुढे गेली, कठड्याच्या टोकाशी, जिथून पाणी सगळ्यात जवळ होतं, आणि तोंडावरचा ओला रुमाल तिने खाली ओढला.

"आई," ती म्हणाली. शब्द ओठांतून बाहेर पडला आणि कुठेच पोचला नाही. कुणाची आई? तिच्या डोळ्यांपुढे जी होती ती एकोणतीस वर्षांची होती. तिचे केस काळे होते. कुणीतरी गोड बोलून पाण्यात बसवलेली, घाबरलेली, राक्षसाची वाट बघत बसलेली पोर. आणि इथे काठावर उभी होती ती सुरकुतलेली, वाकलेली, एक मुलगा वाढवून, एक नवरा पोचवून आलेली बाई. हात्सुनोला वाटलं, आपण इतकी वर्षं चुकीची हाक मारत होतो, म्हणून तिने वर पाहिलं नाही.

"मियो!" तिने मोठ्याने हाक मारली. "ए मियो! ऊठ गं पोरी. ऊठ. पाणी गुडघाभरसुद्धा नाही. कुणी सांगितलं तुला बसून राहा म्हणून? उभी राहा नुसती. मी आहे. चल."

आवाज फुटका होता, पण डोंगरात खूप लांब गेला. जोडप्याने फोन खाली घेतला. मागून येणारा एक जाडजूड गृहस्थ थबकून बघायला लागला, इकडे हात्सुनोकडे, तिकडे रिकाम्या डबक्याकडे.

"काय बघताय?" रित्सुको रुमालाच्या आडून त्याच्यावर डाफरली. "बाई घरच्या माणसाला हाक मारतेय. पुढे चला."

वारा पडला होता. पाण्यावर आभाळाचा एक तुकडा होता, तो हलला, परत जुळला. हात्सुनोला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, आणि तिला त्याची गरजही वाटली नाही. पोटातलं मुटकुळं सुटत होतं. हातपाय पसरत होतं. भूक लागल्यासारखं वाटलं. मग वर शिट्टी वाजली, लांबलचक, दोनदा. पिवळसर धूर दरीतून या बाजूला कलायला लागला. माणसं घाईघाईने चढावाला लागली. रित्सुको नेहमी सासूच्या उजव्या कोपराला धरून चालायची. आज तिने कोपर धरलं नाही. दोन पावलं मागे राहून, खोकत, ती आपली आपण चढत होती. हात्सुनो काठी टेकत पुढे चालली, सावकाश, कुणाच्या तरी पायाला पाय जुळवत असल्यासारखी, मधेच थांबून, मधेच तोंडातल्या तोंडात "हां, ये, ये" म्हणत.

वळणावर तो हेल्मेटवाला दोराचं एक टोक खांबाला बांधून दुसरं हातात घेऊन उभा होता. त्याने खालच्या वाटेवर नजर टाकली. धुरात काही दिसत नव्हतं.

"आजी, तुम्हीच शेवटच्या ना? खाली अजून कुणी राहिलंय का?"

हात्सुनोने मागे वळून पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आता तिथे कुणी नाही. बांध दोर."